उतार सपाट करू नका

मंडळी, गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा वेळ घालवायचा उद्योग, असं आपल्याकडे मानतात. असेलही. पण भूगोलाच्या तासाला समोच्च रेषा ज्यांना आवडायच्या, त्यांनी अमेरिकेतल्या ऑगस्टाची ग्रीन्स जरूर पाहावीत. (ग्रीन म्हणजे भोकाभोवतीची अगदी बारीक कापलेली हिरवळ.) टीव्हीवर ती सपाट दिसतात, एवढीच पंचाईत!

तिथल्या चौदाव्या होलवर वाळूचा एकही बंकर नाही. राखण करतं ते उंचसखल ग्रीन. चेंडू भोकाच्या वरच्या अंगाला थांबला, तर परतीचा पुट उताराचा. जरा जोर जास्त झाला की चेंडू घरंगळत निघाला. खालच्या अंगाला थांबला, तर चढावर धीटपणे मारता येतं. म्हणून चांगला खेळाडू गणित उलटीकडून मांडतो. आधी झेंडा बघायचा, मग चेंडू कुठे थांबवायचा ते ठरवायचं, आणि त्यावरून पहिला फटका डावीकडे की उजवीकडे! २००५ च्या मास्टर्समध्ये सोळाव्या होलवर टायगर वूड्सने चेंडू भोकाकडे मारलाच नाही. बाजूला, चढावर टाकला. तो वळून उताराने आला, काठावर क्षणभर थबकला आणि आत पडला.

आता माझी तक्रार. स्टिंपमीटर नावाची एक पन्हळ असते. तिच्यावरून सोडलेला चेंडू जितके फूट जातो, तितका ग्रीनचा वेग. १९३५ साली एडवर्ड स्टिंप्सन यांनी ती बनवली. तेव्हापासून गवत आणखी आणखी बारीक कापलं जातंय, वेग वाढतोय. मग जुन्या उतारावर चेंडू थांबेना, भोक खणायला जागा उरेना. उपाय काय, तर उतारच कमी करा! स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला ओल्ड कोर्सच्या अकराव्या ग्रीनचा काही भाग २०१२ साली याचसाठी सौम्य केला. इतक्या जुन्या मैदानावर! वाचून हळहळ वाटली.

माझ्या मते गवत किंचित वाढू द्यावं, जमिनीला हात लावू नये. गवत पुढच्या आठवड्यात पुन्हा कापता येतं, खरवडलेला उंचवटा जसाच्या तसा परत येत नाही. शिवाय सपाट ग्रीनवर झेंडा कुठेही असो, पहिला फटका कुठूनही चालतो. मग डोकं कशाला चालवायचं?

आणि एवढं करून साधलं काय? २०१५ च्या ओपनमध्ये तिथेच वाऱ्याने ग्रीनवरचे चेंडू आपोआप हलायला लागले आणि शनिवारी दहा तासांहून जास्त खेळ थांबला. स्पर्धा संपली सोमवारी.