मक्याचे वरचे पान सांभाळा

पावसाळी मका गुडघ्याच्या वर गेला आणि आभाळ आठ-दहा दिवस दाटून राहिले, की खालच्या पानांवर डाग दिसू लागतात. आपल्यातील पुष्कळ कुटुंबे एक-दोन एकर मका स्वतःच्या किंवा वाट्याच्या रानात करतात. बी आणि खत उधारीवर आणलेले असते. म्हणून या डागांची ओळख आम्ही आज करून देत आहोत.

राखाडी, होडीच्या आकाराचा, बोटाएवढा लांब डाग म्हणजे टर्सिकम करपा. तो थंड व दमट हवेत वाढतो. डाग लहान, शिरांच्या मधे अडकलेला, कडेला तांबूस असेल तर तो मेडिस करपा. त्याला उबदार दमटपणा लागतो. दोन्ही बुरशीचेच रोग, मागल्या मक्याच्या धसकटांत आणि पाल्यात दबा धरून बसलेले. मात्र खालचे पान शेंड्याकडून मधल्या शिरेने पिवळे पडत येत असेल तर तो करपा नव्हे, ती नत्राची उपासमार आहे. अशा वेळी दुकानदार बुरशीनाशकाचा पुडा पुढे करील, घेऊ नका.

दाणा भरतो तो कणसाजवळच्या आणि त्याच्या वरच्या पानांच्या जोरावर. तुरा येण्याच्या सुमारास करपा तिथवर चढला तर दाणे पोचट राहतात. कणसे पक्व होत आल्यावर चढला तर नुकसान थोडे, मग फवारणीवर पैसा घालण्यात अर्थ नाही. दर आठवड्याला रानाच्या मध्यापर्यंत जाऊन खालची पाने पाहावीत, बांधावरून कळत नाही. डाग दिसताच ७५ टक्के मॅन्कोझेब, १० लिटर पाण्याला २५ ग्रॅम, फवारावे. हवा तशीच राहिली तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा. जळालेला भाग हिरवा होत नाही, निरोगी पान वाचते एवढेच.

पण खरा आधार बियाण्याचा. अमेरिकेत १९७० साली बहुतेक मका एकाच जातकुळीच्या बियाण्याचा होता. मेडिस करप्याचा नवा प्रकार आला आणि देशाचे सुमारे १५ टक्के पीक गेले. तेव्हा करप्याला दाद न देणारा वाण विचारून घ्या. मक्यावर मका नको. मधे हरभरा, सोयाबीन घ्या, धसकटे खोल नांगरून गाडा.

फवारणीचा पंप बहुधा आपल्याच माणसाच्या पाठीवर असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मालक घाई करो, वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका. तोंडाला फडके, हातात मोजे, अंगभर कपडे हवेत. मधेच तंबाखू मळू नका. घरी आल्यावर साबणाने आंघोळ करून कपडे वेगळे धुवावेत. रिकामा डबा पाण्याला वापरू नये, आणि फवारलेला पाला पुड्यावरची मुदत संपेपर्यंत गुरांपुढे टाकू नये.