जोगतिणीचे गाणे आणि नागरिकाचा हक्क

बंगळूरचा चामराजपेट हा भाग १८९२ साली म्हैसूर संस्थानाच्या राजवटीत आखून वसवण्यात आला. कन्नड साहित्य परिषदेची वास्तू याच भागात आहे. येथील फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर १९३९ पासून रामनवमीचा संगीतोत्सव भरत आला असून कर्नाटक संगीतातील नामांकित गायकवादकांनी त्या मांडवात हजेरी लावली आहे. साहित्याला आणि संगीताला प्रतिष्ठा देणारा असा हा परिसर. येथून फार दूर नसलेल्या कन्नड भवनात लोककलांचा कारभार पाहणाऱ्या कर्नाटक जनपद अकादमीचे कार्यालय आहे. २०१९ साली त्या अकादमीच्या अध्यक्षपदावर जी कलावंत बसली, तिने आयुष्याचा मोठा काळ कोणत्याही मांडवात नव्हे, तर रस्त्यावर गाऊन आणि हात पसरून काढला होता. तिचे नाव मंजम्मा जोगती. त्या पदावर येणारी ती पहिली तृतीयपंथी व्यक्ती होय.

या घटनेचे स्वागत सर्व थरांतून झाले. २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात राष्ट्रपती भवनात मंजम्मांनी सन्मान स्वीकारण्यापूर्वी आपल्या पदराने राष्ट्रपतींची दृष्ट काढली आणि ते चित्र देशभर पाहिले गेले. उपस्थितांनी टाळ्या वाजवल्या. तृतीयपंथी माणसाची टाळी ऐकून ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या तोंड फिरवले, त्याच समाजाने ही टाळी वाजवली, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु एका कलावंताच्या वाट्याला आलेल्या सन्मानाने तिच्यासारख्या हजारोंच्या जीवनाची स्थिती बदलते काय, हा प्रश्न त्या टाळ्यांच्या आवाजात विरून जाऊ देणे योग्य होणार नाही.

मंजम्मांची कहाणी त्यांच्या आत्मकथनातून सर्वांसमोर आलेली आहे. बळ्ळारी जिल्ह्यातील एका खेड्यात मुलगा म्हणून जन्म. शाळकरी वयातच आपण स्त्री आहोत ही जाणीव. मग मारहाण, अंगाऱ्या-धुपाऱ्याचे उपाय आणि शेवटी हुलिगेम्माच्या देवळात जोगप्पा म्हणून दीक्षा. घर तुटले. विष घेऊन जीव देण्याचा प्रयत्न झाला. पुढे दावणगेरेच्या बस स्थानकावर एक बाप गातो आहे आणि त्याचा मुलगा डोक्यावर घडा तोलून नाचतो आहे, हे दृश्य दिसले आणि जगण्याला वाट सापडली. काळव्वा जोगती यांच्याकडे चौंडक्याची पदे आणि यल्लम्माच्या कथेचे नाट्य यांचे शिक्षण झाले. यामागे ना विद्यापीठ होते, ना राजाश्रय. गळा, पाय आणि गुरूची माया एवढ्याच भांडवलावर ही कला उभी राहिली.

मराठी वाचकाला या कलेची ओळख करून देण्याची गरज नाही. सौंदत्तीच्या डोंगरावर कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडून जाणाऱ्या गाड्या, परडी आणि जग घेतलेले जोगते, मंगळवार-शुक्रवारचा जोगवा, चौंडके आणि तुणतुणे हे सीमाभागातील जीवनाचे अंग आहे. भाषेची सीमा यल्लम्माच्या पदांना कधी अडवू शकली नाही. या परंपरेविषयी भाबडे प्रेम मात्र बाळगता येणार नाही. याच देवीच्या नावाने दलित आणि मागास जातींतील मुली देवाला सोडण्यात आल्या, जमीनदारांच्या वासनेला धर्माचा शिक्का मिळाला. त्याविरुद्ध संघर्ष झाला म्हणूनच कर्नाटकात १९८२ साली देवदासी प्रतिबंधक कायदा करावा लागला. ज्या मुलाला घरात जागा नव्हती त्याला या परंपरेने लुगडे, नाव आणि गुरू दिला. परंतु त्याची किंमत म्हणून शिक्षण, रोजगार आणि घरदार हिरावून घेतले आणि हातात भिक्षेची परडी ठेवली. सरंजामी समाज आश्रय देतो तोही बेडी घालूनच.

परक्या राज्यकर्त्यांनी तर ही परडीसुद्धा गुन्हा ठरवली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. नोंदलेल्या व्यक्तीने स्त्रीवेष करून रस्त्यावर वावरणे, सार्वजनिक जागी नाचणे किंवा वाद्य वाजवणे यासाठी विनावॉरंट अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानात या माणसांची कलाच फौजदारी अपराध होती. साम्राज्य गेले, पण त्याची वृत्ती उरली. २०११ साली कर्नाटकाच्या पोलीस कायद्यात कलम ३६अ घालून तृतीयपंथीयांची नोंद ठेवण्याचा आणि त्यांच्यावर नियंत्रणाचा अधिकार पोलिसांना देण्यात आला. संघटनांनी न्यायालयात दाद मागितली, तेव्हा कुठे त्या कलमातील या समूहाचा उल्लेख सरकारला काढावा लागला. ज्या राज्याने २०१० साली मंजम्मांना राज्योत्सव पुरस्कार दिला, त्याच राज्याने पुढच्याच वर्षी हे कलम लिहिले, ही विसंगती लक्षात ठेवण्याजोगी आहे.

राज्यसंस्था एका हाताने हार घालते आणि दुसऱ्या हाताने नोंदवही उघडते. बाजाराचे वागणे याहून वेगळे नाही. ‘जोगवा’ या मराठी चित्रपटाने जोगत्यांचे दुःख प्रामाणिकपणे मांडले आणि छप्पन्नाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला संगीत, पार्श्वगायक व पार्श्वगायिका यांचे सन्मान मिळाले. ती गाणी घराघरांत पोचली. परंतु ज्यांच्या गळ्यातून ती चाल आली त्यांचा जोगवा काही सुटला नाही. २०१६ साली मुंबईत सहा तृतीयपंथी गायिकांचे एक पथक उभे करण्यात आले. ते एका नामांकित चहाच्या जाहिरात मोहिमेचा भाग होते आणि त्याच वर्षी कान येथील जाहिरात महोत्सवात त्या मोहिमेला सर्वोच्च पारितोषिकांपैकी एक मिळाले. गाणाऱ्या स्त्रियांच्या गुणाविषयी शंका नाही. परंतु मोहीम संपल्यावर त्यांना निवृत्तिवेतन, आरोग्य विमा किंवा राहायला भाड्याची खोली मिळावी अशी जबाबदारी कोणत्या पारितोषिकात असते? भांडवलाला इंद्रधनुष्याचे रंग चालतात. इंद्रधनुष्याखाली उभ्या असलेल्या माणसाच्या मजुरीचा हिशेब चालत नाही.

मग कलावंताने कोणाच्या आधाराने उभे राहावे? याचे उत्तर इंग्लंडमधील एका अनुभवात सापडते. १९७८ साली टॉम रॉबिन्सन या रॉक गायकाने समलिंगी म्हणून होणाऱ्या पोलिसी छळावर स्वतः लिहिलेले गाणे उघडपणे गायिले. त्याच वर्षी वंशद्वेषी फॅसिस्टांविरुद्ध लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये भरलेल्या विराट मेळाव्यातही तो गायिला. आपल्या दुःखाचे गाणे इतरांच्या लढ्याशी जोडण्याची ही रीत पुढे फळाला आली. १९८४-८५ च्या खाण कामगारांच्या ऐतिहासिक संपात लंडनच्या समलिंगी तरुण-तरुणींनी संपवाल्यांसाठी निधी गोळा केला. १० डिसेंबर १९८४ रोजी लंडनमध्ये झालेल्या मदत कार्यक्रमात ग्लासगोहून आलेला गायक जिमी सॉमरव्हिल आणि त्याचे ब्रॉन्स्की बीट हे पथक गायिले. या मदत पथकाच्या संस्थापकांपैकी एक मार्क अ‍ॅश्टन पुढे ब्रिटनच्या कम्युनिस्ट युवक संघटनेचा सरचिटणीस झाला. संप हरला, पण नाते हरले नाही. १९८५ च्या जूनमध्ये समलिंगींच्या मोर्चाच्या अग्रभागी वेल्सचे खाण कामगार आपले निशाण घेऊन चालले आणि त्याच वर्षी मजूर पक्षाच्या परिषदेत समान हक्कांचा ठराव खाण कामगार संघटनेच्या मतांच्या बळावर मंजूर झाला.

या उज्ज्वल पानाबरोबरच काळी पानेही वाचली पाहिजेत. क्रांतीनंतर रशियाच्या १९२२ च्या फौजदारी संहितेतून समलिंगी संबंधांचा गुन्हा वगळण्यात आला होता. १९३४ साली तो परत आणला गेला. कम्युनिस्ट चळवळीत दीर्घकाळ या प्रश्नाकडे ‘भांडवली अधःपतन’ म्हणून पाहिले गेले आणि भारतीय चळवळही या दोषातून मुक्त नव्हती. लाल बावटा कलापथकाने १९४४ साली तमाशा आणि पोवाडा हाती घेतला, कष्टकऱ्यांच्या कलेला प्रतिष्ठा दिली. परंतु फडात ‘नाच्या’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या माणसाच्या व्यथेला गाणे मिळायला फार उशीर झाला. आत्मटीका ही कम्युनिस्टांची शिस्त आहे, आणि क्यूबाने ती पाळून दाखवली. एके काळी समलिंगींना छळछावण्यांत धाडणाऱ्या त्या देशात २०२२ साली सार्वमताने नवी कुटुंबसंहिता स्वीकारली गेली आणि समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली.

भारतात न्यायालयीन लढ्याने काही दरवाजे उघडले. २०१४ च्या निकालाने आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य झाला. २०१८ साली कलम ३७७ चा फास सुटला. २०२१ साली कर्नाटकाने सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांसाठी एक टक्का आरक्षण ठेवले. परंतु २०१९ च्या कायद्याने ओळखीचा दाखला जिल्हाधिकाऱ्याच्या दारी नेऊन ठेवला. त्याच कायद्याने तृतीयपंथी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षे इतकीच शिक्षा लावली, तर स्त्रीवरील बलात्काराला फौजदारी कायद्यात किमान दहा वर्षांची शिक्षा होती. एका शरीराची अप्रतिष्ठा दुसऱ्यापेक्षा स्वस्त ठरवणारे असे मोजमाप लोकशाहीला लांच्छनास्पद आहे.

म्हणून पक्षसभासदांपुढील कार्य स्पष्ट आहे. सौंदत्तीच्या वाटेवरील गावांत, निपाणी-गडहिंग्लजपासून सोलापूरपर्यंत, जोगते आणि तृतीयपंथी कलावंत यांची नावे वृद्ध कलावंतांच्या मानधन योजनेत आहेत की नाहीत हे शाखांनी घरोघरी जाऊन पाहावे. शिधापत्रिका, घरकुल, सरकारी रुग्णालयातील उपचार यांसाठी त्यांच्यासोबत कचेरीत उभे राहावे. असंघटित कामगारांच्या संघटनांत त्यांना सभासदत्व द्यावे, आणि ते पाहुणे म्हणून नव्हे तर मताचा अधिकार असलेले सभासद म्हणून द्यावे. पक्षाच्या मेळाव्यात चौंडके वाजेल तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत त्या कलावंताचे नाव असावे आणि कार्यक्रम संपताच ठरलेली बिदागी हाती पडावी. या गोष्टींना क्रांतीची वाट पाहावी लागत नाही.

चामराजपेटच्या मांडवातला गायक आणि बस स्थानकावर घडा तोलणारा मुलगा यांच्यात अंतर पडले ते कलेच्या गुणाने नव्हे. ते जातीने, वर्गाने आणि पुरुषी सत्तेने पाडले आहे. मंजम्मांनी ते एकटीने आणि फार मोठी किंमत मोजून पार केले. त्यांच्यामागून येणाऱ्या कोणालाही विषाची बाटली आणि भिक्षेची परडी यांतून निवड करावी लागू नये, एवढे घडवून आणणे संघटित कष्टकऱ्यांच्या हातात आहे. त्या दिवशी वाजणारी टाळी दोन्ही बाजूंनी एकच असेल.