सोबत जाणाऱ्या माणसाचा पगार

चिखली–खामगाव रस्त्यावरच्या आपल्या उंद्रीत दिवाळीच्या आधीचे दिवस मदतीचे असतात. सोयाबीनची सोंगणी आटोपलेली असते, कापसाची पहिली वेचणी लागलेली असते आणि बाहेरगावाहून गाड्या येऊ लागतात. किराण्याचे किट, साड्या, फराळाचे पुडे, मुलांची दप्तरे. ज्या घरातला कर्ता माणूस यंदा राहिला नाही, तिथे करंजीपुरते रवा-तेल कुणी आणून ठेवले तर त्याला नावे ठेवणाऱ्यांतला मी नाही. त्या मुलांनाही दिवाळी आहे.

गाव सोडून गेलेल्यांच्या वर्गणीतून आपल्याकडे एक लहानसा निधी चालतो. त्याच्याकडे येणारे अर्ज वाचायचे, घरी जाऊन बसायचे, कुणाला किती आणि कशासाठी द्यायचे ते ठरवायचे, हे काम काही वर्षे माझ्याकडे आहे. यंदाचा अंक आम्ही ‘देणे’ या विषयाला वाहिला आहे, म्हणून या पानावर सर्व देणाऱ्यांकडे एक मागणी मांडतो. वस्तूंच्या आधी माणसाचा पगार द्या. कोणत्या माणसाचा, ते सांगतो.

परिसरातल्या एका ताईंनी मध्यंतरी माझ्यापुढे कागदांची पिशवी उघडली. मृत्यूचा दाखला लॅमिनेट केलेला. रेशनकार्ड घडीवर फाटलेले, मागून टिकलीच्या पाकिटाचा पुठ्ठा चिकटवलेला. पासबुके दोन, त्यातले एक पोस्टाचे. नवऱ्याच्या आत्महत्येचे प्रकरण ‘पात्र’ ठरले होते, म्हणजे जमीन, थकलेले कर्ज आणि वसुलीचा तगादा या तिन्ही अटी कागदावर सिद्ध झाल्या होत्या. 23 जानेवारी 2006 च्या शासन निर्णयाप्रमाणे अशा कुटुंबाला एक लाख मिळतात. 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. ताईंना ते मिळालेही होते. ‘‘पैशे भेटले भाऊ, पण सातबाऱ्यावर नाव काही लागलं नाही.’’ जमीन सासऱ्यांच्या नावावर. नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, पीकविमा नाही, शेतकरी सन्मानचा हप्ता नाही. त्या पेरतात, निंदतात, वेचतात, आणि सरकारच्या लेखी शेतकरी नाहीत.

आता या घराला आम्ही काय द्यायचे? शिलाई मशीन देता येते. शेळ्या देता येतात. दोन्ही आजवर अनेकांना दिली गेली आहेत आणि काही घरांना त्यांनी हात दिलाही आहे. पण या ताईंना हवा होता तो सासऱ्यांशी चार वेळा शांतपणे बोलणारा, दिराची समजूत काढणारा, वाटणीचा कागद करून घेणारा, तलाठ्याकडे फेरफाराचा पाठपुरावा करणारा कुणीतरी. चिखलीच्या तहसीलला जायचे तर त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते. साहेब दौऱ्यावर असले की दुसऱ्या दिवसाचीही. वेचणीने बोटांची साले गेलेली, म्हणून यंत्रावर अंगठा उठत नाही. मग आधार अद्ययावत करायची वेगळी चक्कर. हे सगळे एका बाईने, घर-शेत सांभाळून, एकटीने करावे अशी आपण अपेक्षा करतो आणि जमले नाही की ‘योजना आहे, पण लोक घेत नाहीत’ असे म्हणतो.

हा एका घरापुरता प्रश्न नाही. महिला किसान अधिकार मंचाने, म्हणजे ‘मकाम’ने, 2018 साली विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या 505 स्त्रियांची पाहणी केली. 2012 ते 2018 या काळात विधवा झालेल्यांपैकी 40 टक्के स्त्रियांना, ज्या जमिनीत त्या राबतात, तिच्यावर हक्क मिळालेला नव्हता. आपल्याला पेन्शन मिळू शकते हेच 33 टक्के जणींना ठाऊक नव्हते. हा आकडा मला जास्त झोंबतो. ही पेन्शन देणारी संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 पासूनची आहे. इतक्या वर्षांत ती या स्त्रियांच्या उंबऱ्यापर्यंत कुणी नेली नाही.

जिला ठाऊक आहे तिचीही वाट सरळ नाही. या योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असावे लागते. 2025-26 मध्ये आपल्या राज्यातला रोजगार हमीचा दर रोज 312 रुपये होता. हिशेब करून पाहा: 68 दिवस काम केले की मर्यादा ओलांडली. जी हमी तेव्हा वर्षाला 100 दिवसांचे काम कबूल करत होती, ती पूर्ण पाळली गेली असती तर त्याच बाईचे महिन्याचे 1,500 रुपये धोक्यात आले असते. ही मर्यादा वाढवली पाहिजे, ते सरकारचे काम आहे आणि त्यासाठी ओरडायला आम्ही आहोतच. पण ती वाढेपर्यंत दाखला कसा काढायचा, अर्ज फेटाळला तर अपील कुठे करायचे, बंद पडलेले अनुदान कोणत्या खिडकीवर पुन्हा सुरू होते, हे जाणणारा माणूस गावात हवा. असा माणूस असतो. बहुतेकदा ती एखादी बचतगटातली बाई असते, दहावी-बारावी शिकलेली, चुणचुणीत, सगळ्या गावाच्या विश्वासातली. तिच्या दिवसाचे पैसे कोणी देत नाही.

का देत नाही? देणाऱ्याला वस्तू दिसते, पगार दिसत नाही. पगार म्हटले की ‘हा तर प्रशासकीय खर्च’ असे म्हणून फाइल बाजूला पडते. कंपनी कायदा 2013 ने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करायला लावले, त्याने खूप पैसा बाहेर आला. 2021 च्या नियमांतली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चापुरती आहे. तरी ती गावातल्या कार्यकर्तीच्या मानधनालाच लावणारे अधिकारी मी पाहिले आहेत. परदेशी देणगीचा रस्ता आणखी अरुंद. परदेशी देणगीच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी घेणारी मोठी संस्था तो खालच्या छोट्या संस्थेकडे देऊच शकत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली. उंद्रीसारख्या ठिकाणची दोन-तीन माणसांची संस्था स्वतः तो परवाना मिळवेल, हे मला तरी कठीण दिसते.

आपल्याकडे याचे उत्तर फार आधी शोधले गेले होते. बाबा आढाव, श्रीराम लागू, निळू फुले, नरेंद्र दाभोलकर या मंडळींनी सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला, तो नामवंत नटांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव करून. त्या पैशांतून इमारत बांधली नाही. पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन दिले. जो माणूस दुसऱ्यांसाठी राबतो त्याच्या घरची चूल समाजाने पेटती ठेवली पाहिजे, हा विचार त्यामागे होता. चाळीसेक वर्षांपूर्वी नाटक पाहायला तिकीट काढणाऱ्या साध्या माणसाला तो पटला. आज ताळेबंद वाचणाऱ्यांना तो समजावून सांगावा लागतो, याचे मला वाईट वाटते.

कुणी म्हणेल, आपल्या जिल्ह्यात शेगाव आहे, तिथे सेवेकरी फुकट राबतात, मग इथे मानधन कशाला? शेगावच्या संस्थानाची शिस्त आणि तिथली सेवा यांबद्दल मला नितांत आदर आहे. पण तिथला सेवेकरी पाळीने येतो, ठरलेले दिवस सेवा देतो आणि आपल्या शेतावर परततो. फेरफाराच्या भांडणाला दोन वर्षे लागतात, आणि ती दोन वर्षे त्याच माणसाने त्याच घरी जात राहावे लागते. सासरे कार्यकर्तीशी बोलायला लागतात तेच मुळी चौथ्या-पाचव्या भेटीला. आपल्याच तालुक्यात पळसखेड सपकाळला पालवे दांपत्याचे सेवासंकल्प प्रतिष्ठान रस्त्यावरच्या मनोरुग्णांना सांभाळते. अंघोळ घालणे, केस कापणे, वेळेवर गोळी देणे, हे काम रोजचे आहे. देणगीचे धान्य महिनाभर पुरते, पण अंघोळ घालणारे हात रोज सकाळी हजर लागतात.

देणाऱ्यांना आणखी एक कळकळीची विनंती. चेक देताना बायांना मंचावर उभे करू नका. पदर डोक्यावर ओढून, खाली मान घालून, हातात मोठा पुठ्ठ्याचा चेक धरलेली बाई मी अनेक फोटोंत पाहिली आहे. तिची शाळेत जाणारी मुले तोच फोटो दुसऱ्या दिवशी गावाच्या ग्रुपवर पाहतात. पोचपावती घ्या, हिशेब मागा, काटेकोर मागा. तिचा चेहरा मागू नका.

यंदा आमच्या निधीने वस्तुवाटपाची रक्कम निम्म्यावर आणली आहे आणि उरलेल्या पैशांतून उंद्री व आसपासच्या गावांसाठी एका कार्यकर्तीचे मानधन सलग दोन वर्षांसाठी मंजूर केले आहे. 31 मार्चला संपणारे नाही, मध्ये थांबणारे नाही. तिच्या एसटीचे, झेरॉक्सचे आणि फोनचे पैसे वेगळे. किराण्याचे किट कमी झाल्याने काही घरांत नाराजी आहे आणि ती रास्त आहे. त्या घरांना आधी भेटायचे, असे तिला सांगितले आहे. ‘लाभार्थी किती’ हा रकाना आम्ही तिच्या अहवालातून काढून टाकला. त्याजागी तिने दर महिन्याला लिहायचे आहे: कोणते प्रकरण कोणत्या टेबलावर, कशासाठी अडले, आणि ते सुटण्यासाठी आम्ही कोणाला भेटायला हवे. भेटायला आम्ही जाणार आहोत. पहिला अहवाल आला आहे. त्यात अकरा प्रकरणे आहेत, पैकी सात सातबाऱ्याची.