जंगल पाहायला येणारा पाहुणा आणि जागलीला जाणारा शेतकरी

हरभरा घाट्यावर आला की आपल्याकडे जागल सुरू होते. रोही आणि रानडुकरांच्या धाकाने माणूस ऐन थंडीत आखाड्यावर झोपतो, डबे वाजवतो, फटाके फोडतो. त्याच दिवसांत मुंबई-पुण्याची माणसे पैसे भरून, पहाटे उठून, वाटाड्या सोबत घेऊन जंगलात पायी फिरायला जातात. एकाला नकोशी झालेली जनावरे पाहायला दुसरा पैसे मोजतो. हा पैसा आपल्या गावात आणता येईल का, असे आता आपली तरुण मंडळीही विचारू लागली आहेत. प्रश्न चांगला आहे. पण उत्तर देण्याआधी, जिथे हे काम चालते तिथे काय घडले ते नीट पाहिले पाहिजे.

बोरिवलीचा धडा

मुंबईत बोरिवली स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे फाटक आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल आणि भोवती वस्तीच वस्ती. आत कान्हेरीची लेणी आहेत, मुंबईला पाणी देणारे तुळशी आणि विहार तलाव आहेत, वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत. २०१५ साली कॅमेरे लावून मोजणी झाली तेव्हा उद्यान आणि लगतच्या भागात ३५ बिबटे आढळले. २०१८ च्या मोजणीत ४७ निघाले.

या जंगलात शिलोंड्यासारख्या ठरलेल्या वाटा आहेत. परवानगी काढायची, फी भरायची आणि माहितगार माणसासोबत थोड्या लोकांनी गुपचूप चालायचे, अशी रीत आहे. अशा फेरीत बिबट्या सहसा दिसत नाही, तो रात्रीचा हिंडणारा. मग लोक पाहतात काय? पायाचे ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे, पक्षी, फुलपाखरे, कोळ्याची जाळी. वानर ओरडले किंवा चितळाने इशारा दिला तर त्याचा अर्थ काय, हे वाटाड्या सांगतो. तिथली कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. २०१६ ला फुलली, मग २०२४ ला फुलली. ज्या कारवीच्या काठ्यांनी कोकणात कुडाच्या भिंती बांधतात, तिची फुले पाहायला माणसे रांगा लावून आली. म्हणजे पाहुण्याला वाघच लागतो असे नाही. त्याला रान वाचून दाखवणारा माणूस लागतो. असा माणूस आपल्या प्रत्येक तांड्यात, वाडीत आहे. त्याला आपण गुराखी म्हणतो.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. २००४ साली याच उद्यानाच्या कडेने बिबट्यांच्या हल्ल्यात बरीच माणसे दगावली. दुसरीकडे पकडलेले बिबटे आणून सोडणे हे एक कारण अभ्यासकांनी पुढे सांगितले. वस्तीचा कचरा, त्यावर पोसलेली कुत्री आणि कुत्र्यांच्या मागे येणारा बिबट्या, हे दुसरे. २०११ पासून वनखात्याने नागरिकांना सोबत घेऊन मोहीम चालवली. कचरा उचला, रात्री एकटे फिरू नका, बिबट्या दिसला म्हणून गर्दी करू नका, एवढ्या साध्या गोष्टी लोकांना पटवल्या. पिंजरा लावण्यापेक्षा हे काम जास्त उपयोगी पडले.

तिसरी गोष्ट आदिवासींची. १९९७ साली उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला आणि हजारो झोपड्या हटल्या. पण पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या पाड्यांचा घराचा, विजेचा, हक्काचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. फाटकावर पैसा जमतो म्हणून तो आपोआप पाड्यावर पोचतो, असे होत नाही. तो पोचवणारा नियम लागतो. ताडोब्यात लोक पायी नाही, गाडीतून फिरतात. पण प्रत्येक गाडीत गावातला गाइड घ्यावाच लागतो. त्या एका नियमामुळे आसपासच्या पोरांच्या हाताला काम आले.

आपल्याकडे आहे काय?

हिंगोली जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही. पण औंढ्याच्या डोंगररांगा आहेत, सेनगाव-कळमनुरीकडची रानं आहेत. येलदरी, सिद्धेश्वर आणि ईसापूरच्या पाण्यावर हिवाळ्यात पक्षी उतरतात. माळावर हरणं आहेत, रोही तर नको तितके आहेत. वाघ नाही म्हणून कोणी येणार नाही, हे खरे नव्हे. पुणे वनविभागाने इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ इथल्या माळरानावर सफारी सुरू केली. तिथेही वाघ नाही. चिंकारा, लांडगा, खोकड आणि माळावरचे पक्षी आहेत. ज्या गवताळ रानाला आपण पडीक म्हणून सोडून देतो, तेच तिथे पाहायला लोक येतात.

शिवाय आपल्याकडे पाहुणा आधीपासून येतोच आहे. औंढा नागनाथाला आणि नर्सीला बारा महिने भाविक येतात, दर्शन घेतात आणि त्याच दिवशी परत जातात. औंढा तालुक्यात लायगो प्रयोगशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. त्या निमित्तानेही शिकलेली माणसे या भागात येतील. त्यांतल्या थोड्यांनी एक मुक्काम वाढवला तरी गावात चार पैसे फिरतील.

हिशेब कागदावर मांडू

धरून चला, रविवारी १२ माणसे आली आणि माणशी २५० रुपये घेतले. जमले ३,००० रुपये. दोन वाटाड्यांना ५०० प्रमाणे १,०००. बचत गटाला भाकरी, पिठलं, ठेचा आणि चहाचे १,०००. उरलेले १,००० गावाच्या फंडात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी १६ रविवार भरले तर फंडात १६,००० रुपये पडतील, निम्मेच भरले तर ८,०००. यातून कोणाचे कर्ज फिटणार नाही. रानडुकरांच्या कळपाने एका रात्रीत केलेली हळदीची नासाडी याहून जास्त भरू शकते. म्हणून हा पिकाला पर्याय नाही, दोन-चार घरांना जोडधंदा आहे, हे आधीच समजून चालावे. कोणी लाखांचे आकडे सांगू लागला तर त्याच्यापासून चार हात दूर राहावे.

आणि इथेच खरी मेख आहे. पैसा मिळणार वाटाड्याला आणि बचत गटाला, नुकसान होणार डोंगराकडेच्या वावरवाल्याचे. पाहुण्याला रोही दिसावा म्हणून गाव खूश आणि त्याच रोह्याने ज्याचा हरभरा खाल्ला तो एकटा, असे झाले तर सहा महिन्यांत गावात दोन तट पडतील. म्हणून फंडातला पैसा मंदिराच्या रंगाला किंवा कमानीला न लावता पहिला हक्क त्या वावरवाल्यांचा ठेवावा. त्यातून सामाईक झटका मशीन घ्यावे, जागलीच्या बॅटऱ्या घ्याव्यात. ज्याचे वावर कडेला आहे त्याच्या घरच्याला वाटाड्याच्या कामात आधी घ्यावे.

पाहुण्यांच्या कौतुकात सरकारी भरपाईकडेही दुर्लक्ष होता कामा नये. वन्यप्राण्याने पीक खाल्ले की तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज गेला पाहिजे. पंचनामा होईपर्यंत वावर मोडू नये, फोटो काढून ठेवावा. उशिरा आलेल्या अर्जाचे पुढे काही होत नाही, हा अनुभव गावोगाव आहे. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांनीही अर्जदाराला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरवू नये.

बोलावण्याआधी करायची कामे

पहिले काम विजेच्या तारेचे. डुकरांसाठी बांधाला थेट लाइनची तार लावणे हा गुन्हा आहे, आणि त्यात जनावराबरोबर माणूसही सापडतो. पहाटेच्या अंधारात पाहुणा चालवायचा असेल तर शिवारात अशी एकही तार राहता कामा नये. झटका मशीनचा दाब वेगळा असतो, त्याने सहसा मरण येत नाही. पण तेही चांगल्या कंपनीचे आणि नीट जोडलेले हवे.

दुसरे, कठडा नसलेल्या विहिरी. त्यात बिबट्याही पडतो आणि नवखा माणूसही.

तिसरे, जमीन कोणाची ते पाहणे. वनखात्याच्या हद्दीत लेखी परवानगीशिवाय कोणालाही फिरवता येत नाही. संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिच्यामार्फत परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. गायरानातून जायचे असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव हवा. खाजगी वावरातून जायचे असेल तर मालकाला विचारूनच जावे, आणि उभ्या पिकातून वाट काढू नये.

चौथे, नियम गावाने करावेत. एका वेळी बारापेक्षा जास्त माणसे नकोत. एक वाटाड्या पुढे, एक मागे. प्लास्टिक परत न्यायचे, वानरांना खायला द्यायचे नाही, हरणांमागे मोटारसायकल घालायची नाही. मार्चनंतर गवत वाळते, बिडीच्या एका थोटकाने डोंगर पेटतो. तेव्हापासून फेऱ्या बंद.

हे सगळे गावाने आधी ठरवले नाही, तर एक दिवस बाहेरचा कोणीतरी डोंगराच्या पायथ्याला दोन एकर घेईल, फाटक लावेल, आणि आपल्याच पोरांना तिथे वॉचमन म्हणून ठेवील. मग जागलही आपली आणि राखणही आपली, फक्त गल्ला त्याचा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत बाकी विषयांबरोबर हाही एक विषय घ्यावा. आपल्या शिवारात पाहुणा हवा का, हवा तर कोणत्या वाटेने, आणि त्याच्या पैशावर पहिला हक्क कोणाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे ठराव पुस्तकात लिहून मगच पहिल्या पाहुण्याला निरोप धाडावा.