वर्गातली ‘नाटकं’ आणि त्यांचा प्रेक्षक

पट्टी सापडली नाही की बाकावर डोकं आपटणारा पाचवीतला मुलगा. दोन मार्क कमी पडले की हुंदके देत थेट फरशीवर बसणारी मुलगी. शेजाऱ्याचं कोपर लागलं तरी ‘बाई, यानं माझा हात मोडला!’ म्हणून किंचाळणारा तिसरा. अशी मुलं पिंपरी-चिंचवडमधल्या कासारवाडीतल्या शाळांत आहेत आणि कोथरूडमधल्याही. त्यांच्यावर सर्रास दोनच उपाय सांगितले जातात. एक, चारचौघांत असं झापा की पुन्हा हिंमत होता कामा नये. दुसरा, ढुंकूनही पाहू नका. दोन्ही उपायांनी शिक्षकाचा जीव तेवढ्यापुरता सुटतो, मुलाचं काहीच भलं होत नाही.

आधी झापण्याचं बघू. अमेरिकेत १९६८ साली चार्ल्स मॅडसन, वेस्ली बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीच्या वर्गात एक साधी गोष्ट मोजली. शिक्षिका ‘खाली बस’ असं जितक्या जास्त वेळा म्हणू लागल्या, तितकी जास्त मुलं जागेवरून उठू लागली. बसून काम करणाऱ्यांचं कौतुक सुरू झालं तेव्हा उठणं कमी झालं. ओरडा हेही लक्षच असतं, आणि लक्षासाठी आसुसलेलं मूल ते कोणत्याही भावात घेतं. शिवाय ‘आली आमची नटी’ असं वर्गासमोर म्हणणं ही निव्वळ थट्टा नव्हे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी केली आहे.

मग दुर्लक्ष करावं? याचे समर्थक त्याच संशोधकांचा दाखला देतात, पण अर्धाच. नुसते नियम सांगून फारसा फरक पडला नाही, असं त्यांना आढळलं. फरक पडला तो गैरवर्तनाकडे काणाडोळा आणि चांगल्या वर्तनाचं कौतुक या दोन्हींची जोड दिल्यावर. आपल्याकडे काणाडोळा तेवढा उचलला गेला आणि कौतुक राहून गेलं. त्यातही शिक्षकाने पाठ फिरवली तरी चाळीस पोरं खिदळत बघत असतील, तर प्रयोग हाउसफुल्लच राहतो.

दुर्लक्षाचा खरा धोका याहून मोठा आहे. कासारवाडीच्या कामगार पट्ट्यातल्या कितीतरी घरांत वडील नाइट शिफ्ट करून येऊन झोपलेले असतात आणि आई पहिल्या पाळीला गेलेली असते. नाशिक फाट्यावरून चाकणची बस धरायची तर पोराच्या डब्याआधी घड्याळ बघावं लागतं. त्यात त्या आईचा काही दोष नाही. पण रोज तिसऱ्या तासाला ‘पोट दुखतंय’ म्हणून लोळणारं मूल उपाशी आलेलं असू शकतं, हे शिक्षकाला कळायला हवं. दोन आठवडे वहीत टिपावं: कोणता वार, कोणता तास, सुट्टीच्या आधी की नंतर. बरीचशी ‘नाटकं’ त्या टिपणातच उलगडतात.

आणि ‘मी जीव देईन’ हे वाक्य कधीच नाटक समजू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२१मध्ये देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले १,८३४ महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत सर्वाधिक. असं वाक्य कानावर पडलं की त्याच दिवशी मुलाशी एकांतात बोलायचं, मुख्याध्यापकांना आणि पालकांना कळवायचं आणि समुपदेशकाची मदत घ्यायची.

बाकीच्या वेळी हटवायचा तो प्रेक्षक, मूल नव्हे. वर्गाला गणित घालावं, बाकाजवळ जावं, आवाज खाली आणून म्हणावं, ‘पाणी पिऊन ये, तास संपल्यावर आपण बोलू.’ आणि तास संपल्यावर खरंच बोलावं. मूल शांत असताना त्याची दखल घेणं तर त्याहून महत्त्वाचं. साठ मुलांत एवढा वेळ कुठला, असं शिक्षक विचारतात. प्रश्न रास्त आहे; कायद्यानेच सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे आणि तो मिळण्यासाठी भांडलंच पाहिजे. पण एका आकांतात वर्गाची दहा मिनिटं जातातच. तीच आधी खर्च करावीत.

त्यापुढे जाऊन या मुलांना खरं नाटक द्यावं. बर्लिनची ग्रिप्स बालनाट्य चळवळ १९८६च्या सुमारास पुण्यात रुजवणारे डॉ. मोहन आगाशे पेशाने मनोविकारतज्ज्ञ आहेत. मुलांच्या रोजच्या अडचणी ग्रिप्सने रंगमंचावर आणल्या. ठाण्यात नाटककार रत्नाकर मतकरींनी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला, तेव्हा वस्त्यांतल्या मुलांनी स्वतःच्याच आयुष्यातले प्रसंग रचून सादर केले. ‘अशाने पोरं आणखी शेफारतील’ हा आक्षेप तालीम न पाहिलेल्यांचा आहे. रंगमंचावर दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत थांबावं लागतं, आपलं संपलं की गप्प बसावं लागतं, आणि रडायचं तेही ठरल्या जागीच. त्या मुलाला नेमकं हेच शिकायचं असतं.

कासारवाडीहून मेट्रोने दोन स्थानकं पुढे, संत तुकारामनगरला, आचार्य अत्रे रंगमंदिर आहे. अत्रे नाटककार होते, तसेच पुण्यात कॅम्पातल्या शाळेचे मुख्याध्यापकही होते. महापालिकेने तिथल्या काही सकाळी आपल्या शाळांसाठी राखाव्यात. तोवर शाळांनी निदान कला शिक्षणाचा तास गणिताला देऊन टाकणं बंद करावं. नाट्य त्या विषयातच येतं, आणि त्यासाठी बाक भिंतीला सरकवले तरी पुरतं.