ट्रॅक्टर किती एचपीचा घेऊ? आधी उताराचा हिशेब करा



गाळप हंगाम जवळ आला की एक प्रश्न हमखास येतो. परवा भावकीतला पुतण्या घरी आला. हातात शोरूमचं कोटेशन. "तात्या, ऊस वाहतुकीचा करार करतोय. 45 चा घेऊ का 60 चा? शोरूमवाला म्हणतोय 60 च घ्या, डबल ट्रॉली खेळण्यासारखी पळंल."

मी त्याला विचारलं, "पळंल ते ठीक आहे. थांबंल का?"

तो हसला. मी दोन हंगाम 45 वर डबल ट्रॉली ओढलेली आहे, म्हणून मला हसू येत नाही. आज तोच हिशेब इथं मांडतो. चुकत असेल तर कृषी अभियांत्रिकीवाल्यांनी खाली दुरुस्त करावा.

दोन ट्रॉल्या, प्रत्येकी सात टन ऊस, रिकाम्या ट्रॉल्यांचे मिळून चारेक टन आणि वर ट्रॅक्टर. म्हणजे एकूण 20 टन धरू. (प्रत्यक्षात आपण यापेक्षा जास्त भरतो, हे काट्यावरच्या पावत्याच सांगतात.) सपाट डांबरी रस्त्यावर एवढं ओझं चालवायला वजनाच्या साधारण 2 टक्के ओढ लागते, म्हणजे 400 किलो. ताशी 20 किलोमीटरनं जायचं तर चाकांवर 29 एचपी पुरतात. 45 चा ट्रॅक्टर हे काम आरामात करतो.

आता चढ घ्या. 20 फुटाला एक फूट चढ, आपल्याकडच्या ओढ्याच्या पुलाला असतो तसा. चढाचे 1000 किलो आणि रस्त्याचे 400, मिळून 1400 किलो ओढ. इथं 45 चा ट्रॅक्टर ताशी सातेक किलोमीटरनं चढेल आणि 60 चा दहाच्या आसपास. 200 मीटरचा चढ असेल तर दोघांत फरक पडतो 25 सेकंदांचा. तेवढ्यात तंबाखूसुद्धा मळून होत नाही. गव्हाणीपुढच्या नंबरात आपण रात्र रात्र बसतो, तिथं या 25 सेकंदांना काय किंमत?

म्हणजे एचपी जास्त असला की चढ लवकर संपतो, एवढंच. ओझं मुळात हलणार की नाही, हे दुसरीच गोष्ट ठरवते. ती म्हणजे मागच्या चाकांवरचं वजन आणि जमिनीची पकड. सुक्या डांबरावर चाकावरच्या वजनाच्या 70 टक्क्यांपर्यंत ओढ मिळते असं धरा. 1400 किलो ओढायचे तर मागच्या चाकांवर दोन टन पाहिजेत. साध्या टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर दीड टनाच्या आसपास असतं. उरलेलं वजन टायरात पाणी भरून आणि लोखंडी वेट लावूनच येणार. चारचाकी ट्रॉलीचं वजन तिच्या स्वतःच्या चाकांवर असतं, ती हुकावर काही भार टाकत नाही. वजन नसेल तर 60 एचपी नुसतं टायर जाळतं.

फडातून बाहेर काढताना तर एचपी विसराच. ओल्या काळ्या रानात ओढ पाचपट लागते आणि पकड निम्म्यावर येते. कुठलाही ट्रॅक्टर दोन भरलेल्या ट्रॉल्या तिथून एकटा काढत नाही. एकेक ट्रॉली रस्त्यावर आणायची, नाहीतर पुढं दुसरा ट्रॅक्टर जोडायचा. आणि साखळी वर कुठंतरी टॉप लिंकपाशी अडकवू नका, खालच्या हुकालाच लावा. ओढ जितकी उंचावरून, तितकी पुढची चाकं उचलायला सोपी. ट्रॅक्टर उभा राहिला की सीटवरून उडी मारायलासुद्धा वेळ मिळत नाही.

आता उतार. शोरूममध्ये याचा हिशेब कुणी करून दाखवत नाही.

आपल्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नाहीत. म्हणजे 20 टन थांबवायला तीच दोन चाकं, त्यांच्यावरचं तेच दोन टन वजन. जास्तीत जास्त 1400 किलोची रोख. त्यात रस्त्याचे 400 मिळवा आणि उताराचे 1000 वजा करा. हातात राहिले 800 किलो. ताशी 20 च्या वेगाला पूर्ण ब्रेक लागल्यावर थांबायला साधारण 40 मीटर. वेग 30 असेल तर 90 मीटरच्या जवळ. आणि रस्ता ओला असेल, वर पाचट पडलेलं असेल, पकड 40 टक्क्यांवर आली, तर उरतात फक्त 200 किलो. मग 20 च्या वेगालासुद्धा दीडशे मीटर लागतात. दीडशे मीटरमध्ये आमच्या गावचा अख्खा स्टँड बसतो.

या हिशेबात इंजिन कुठं आलं का बघा. मोठं इंजिन गिअरमध्ये थोडं जास्त धरून ठेवतं, हे खरं. पण तेही त्याच दोन चाकांतून धरतं.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. दुसऱ्या हंगामात पहाटेची खेप होती, भुरभुर पाऊस झालेला. ओढ्याच्या उताराला वरच्या गिअरमध्येच होतो. पुढं बैलगाडी दिसली आणि घाबरून क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबले. क्लच दाबला म्हणजे इंजिनानं धरलेलं सुटलं. चाकं लॉक झाली आणि मागून ट्रॉलीनं ट्रॅक्टर ढकलला. कोपरात हात मुडपावा तसा ट्रॅक्टर आडवा होत गेला आणि शेजाऱ्याच्या घासाच्या बांधात जाऊन रुतला. बैलगाडीवाला, त्याचे बैल आणि मी, सगळे वाचलो. त्या दिवसापासून ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये उतरतो. दोन्ही ब्रेक पेडलची कडी रस्त्याला लागायच्या आधी जोडतो. आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतार सोडणारा ड्रायव्हर माझ्याकडं दुसऱ्या दिवशी कामाला नसतो.

आता पैशाचं. 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला 1 जानेवारी 2023 पासून ट्रेम 4 चे धुराचे नियम लागू झाले. त्यामुळं वरच्या गटात कॉमन रेल इंजिनं आली. इंजिन चांगलं असतं, नाही म्हणत नाही. पण किंमत वाढली आणि सेन्सर गेला की लॅपटॉपवाला मेकॅनिक येईपर्यंत वाट बघायची. 50 च्या आतला साधा पंप आमच्या तालुक्याच्या गावात दुरुस्त होतो. हंगामात ट्रॅक्टर दोन दिवस उभा राहिला तर टोळी फडात बसून राहते आणि मुकादमाचं ऐकून घ्यावं लागतं, हे ज्यानं सोसलंय त्यालाच कळेल. त्याच 50 च्या आत बघताना कागदावरच्या एचपीपेक्षा टॉर्क बघा, आणि तो किती आरपीएमला मिळतो ते बघा. 1200-1400 वर भरपूर टॉर्क देणारं इंजिन चढाला गिअर कमी मागतं.

मोठा ट्रॅक्टर कुणी घ्यावा? ज्याच्याकडं पलटी नांगराचं, मोठ्या रोटाव्हेटरचं भाड्याचं काम वर्षभर आहे त्यानं जरूर घ्यावा. डबल ट्रॉलीच ओढायची असेल तर फोर व्हील ड्राइव्हही घ्यावा, कारण त्याचं वजन जास्त आणि पुढची चाकंही ओढतात. पण पुतण्याचं रान चार एकर, सरी साडेचार फुटी. तो धूड सरीत जाणार नाही. चार-पाच महिने ऊस ओढून बारा महिन्यांचा हप्ता काढायचा, असा त्याचा बेत.

पिकअपबद्दलही दोघातिघांनी विचारलंय. आपल्याकडं पिकअप हौद्यात माल भरायला आहे, मागं ट्रॉली ओढायला नाही. तिला इंजिन कमी पडत नाही, चेसी, क्लच आणि ब्रेक कमी पडतात. मागं हूक वेल्डिंग करून घेऊ नका.

पुतण्याला मी सांगितलंय, 60 आणि 45 च्या किमतीत जो फरक आहे, त्यातला थोडा भाग ट्रॉलीला ब्रेक बसवायला काढ. ट्रॅक्टर घेतानाच ट्रेलर ब्रेकची सोय आहे का विचार. पहिला हंगाम एकच ट्रॉली ओढ. तो अजून 60 च्याच बाजूला झुकलेला आहे, कारण मित्रानं घेतलाय.

ज्यांनी ट्रॉलीला एअर किंवा हायड्रॉलिक ब्रेक बसवून घेतलेत त्यांनी खर्च किती आला आणि दुसऱ्या हंगामात ते चालतात का, हे खाली लिहा. पुतण्या शनिवारी बुकिंगला जाणार आहे, त्याआधी त्याला दाखवायचंय.