वणीचा कोळसा आणि बिनधुराची मोटार

मार्च २०१९ मध्ये जिनिव्हाच्या मोटार-प्रदर्शनात ‘बॅटिस्टा’ ही विजेवर धावणारी स्पोर्ट्स मोटार मांडण्यात आली. घडण इटलीची, मालकी मुंबईच्या महिंद्र समूहाची. चारही चाकांना स्वतंत्र विद्युत्-यंत्र, एकूण शक्ती सुमारे १,९०० अश्वशक्ती, सांगाडा कार्बन-तंतूंचा. १२० युनिट वीज साठवणारी बॅटरी ‘टी’ अक्षराच्या आकारात आसनांच्या मधून व पाठीमागून बसवलेली, म्हणजे एवढे वजन असूनही गाडी जमिनीलगतच राहते. ताशी शंभर किलोमीटरचा वेग दोन सेकंदांच्या आत. गाड्या फार तर १५०. किंमत प्रत्येकी सुमारे २० लाख युरो. ज्या तंत्रज्ञांनी हे साधले त्यांचे कौतुक करताना कृपणता दाखवण्याचे कारण नाही. यंत्राशी समाजवादाचे वैर कधीच नव्हते.

‘बॅटिस्टा’ वणीच्या रस्त्यावर येणार नाही, हे उघड आहे. पण त्याच समूहाने २०२२ साली इंग्लंडमध्ये दाखवलेला ‘बीई ०५’ हा भविष्यवेधी नमुना नोव्हेंबर २०२४ मध्ये बाजारात उतरला, आज ‘बीई ६’ या नावाने चाकणला तयार होतो आणि महाराष्ट्राच्याच विजेवर धावतो. या विजेचा मोठा भाग आजही कोळशाचा आहे. एका युनिटमागे सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. तेव्हा या गाडीची ७९ युनिटांची मोठी बॅटरी एकदा भरायची, तर अर्धा क्विंटल कोळसा हवा. तारांतील गळती निराळीच. शहराची हवा त्यामुळे निवळते, हे खरे; पण धूर नाहीसा होत नाही, तो पत्ता बदलतो.

नवा पत्ता वणी-चंद्रपूरचा आहे. उकणी, निलजई, मुंगोली येथील उघड्या खाणींतून निघालेला कोळसा ट्रकांनी वाहिला जातो. रस्त्यालगतच्या शेतात वेचणीला आलेली कपाशी काळवंडते आणि बाजारात तिचा भाव पाडला जातो. ही घट कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही. ती शेतकऱ्याच्या खात्यावर पडते.

उलट सवलती मात्र स्पष्ट दिसतात. विजेच्या गाडीवर, मग ती कितीही महाग असो, वस्तू व सेवा कर ५ टक्केच. राज्याच्या मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांहून अधिक किमतीच्या अशा गाड्यांवर ६ टक्के मोटारवाहन कर सुचवला होता. तोही त्याच महिन्यात मागे घेण्यात आला. तीस लाखांची गाडी घेणाऱ्याची एवढी चिंता वाहणाऱ्या शासनाला काळवंडलेल्या कापसाची भरपाई कशी द्यावी, हे मात्र सुचत नाही!

वणीच्या कार्यकर्त्यांनी मागावे ते एवढेच : कोळशाची वाहतूक झाकलेल्या पट्ट्यांवरून व रेल्वेने करा. जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून धुळीने नासलेल्या पिकाची भरपाई आधी द्या, कमानी आणि सभागृहे नंतर. आणि २०२२ साली नगर-पुणे मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवरची एस.टी. धावू शकली, तर ज्या तालुक्याच्या कोळशावर वीज बनते त्याच्या आगारालाही तशा गाड्या द्या.